फोटो निघाला, पुढे काय? मॅमोग्राफी शिबिरांविषयी थोडे स्पष्ट

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना, लागला की गुलाबी फिती बाहेर येतात, चौकाचौकात फ्लेक्स लागतात आणि ‘मोफत मॅमोग्राफी शिबिर’ अशी बातमी दर दोन दिवसांआड वाचायला मिळते. बातमीच्या शेवटी इतक्या महिलांनी लाभ घेतला, असा आकडा असतो. त्यातून मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचे, फोटो किती निघाले एवढेच कळते. किती जणींना परत बोलावले, त्यातल्या किती आल्या, किती जणींची सुईची तपासणी झाली आणि उपचार किती दिवसांत सुरू झाले, याचा पत्ता नसतो. मॅमोग्राफी हे उत्तम हत्यार आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. रोज तेच यंत्र हाताळणारी आम्ही माणसे आहोत. पण पुढची वाट बांधल्याशिवाय काढलेला फोटो म्हणजे स्क्रीनिंग नव्हे, आणि काही वेळा तो बाईला खोट्या धिरावर घरी पाठवतो. ते कसे, हे तपशिलात सांगावे म्हणून हे पत्र. लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

आधी एक गल्लत दूर करू. स्क्रीनिंग म्हणजे चाळणी, आणि ती काहीही त्रास नसलेल्या बाईसाठी असते. जिच्या हाताला गाठ लागते आहे, जिच्या बोंडातून आपोआप रक्ताळ किंवा पाण्यासारखा स्राव येतो आहे, जिचे बोंड अलीकडे आत ओढले गेले आहे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे किंवा काखेत गाठ आहे, ती बाई चाळणीची नाही. तिला निदान हवे. डॉक्टरांनी हाताने तपासणे, फोटो (मॅमोग्राफी, सोनोग्राफी किंवा दोन्ही) आणि गरज पडली तर सुईने तुकडा घेणे, अशी तीन पायांची ती तपासणी असते. अशा बाईने शिबिराची तारीख पाहत थांबू नये. शिबिरात ती आलीच तर संयोजकांनी तिला रांगेत उभे न करता त्याच दिवशी चिठ्ठी देऊन रुग्णालयात पाठवावे. हाताला लागणाऱ्या कॅन्सरच्या गाठींपैकीही दहातली एखादी मॅमोग्राफीत दिसत नाही. म्हणून ‘गाठ आहे, पण मॅमोग्राफी नॉर्मल आली’ या वाक्यानंतर पूर्णविराम पडता कामा नये. तिथून सोनोग्राफी आणि सुई सुरू होते.

आता मॅमोग्राफीने नेमके किती साधते ते पाहू. पाश्चात्त्य देशांत यावर मोठे प्रयोग झाले. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये पहिला, १९७७ पासून स्वीडनच्या दोन परगण्यांत आणखी एक, नंतर कॅनडात आणि ब्रिटनमध्ये. ब्रिटनच्या स्वतंत्र तज्ज्ञ समितीने २०१२ साली हे सगळे एकत्र तोलून हिशेब मांडला. पन्नाशीच्या १०,००० बायकांना २० वर्षे नियमित बोलावले तर स्तनाच्या कॅन्सरने होणारे ४३ मृत्यू टळतात. आणि त्याच १०,००० जणींपैकी १२९ जणींमध्ये असा कॅन्सर सापडतो जो कधी त्रास द्यायला आलाच नसता, पण एकदा सापडल्यावर त्याची शस्त्रक्रिया होते, किरणोपचार होतात. मृत्यूचे प्रमाण साधारण २० टक्क्यांनी घटते. फायदा खरा आहे आणि त्याची किंमतही खरी आहे. बाईला दोन्ही सांगायला हवे. आपल्याकडे पहिलाच आकडा सांगितला जातो, तोही फुगवून.

बोलवायचे कोणत्या वयात, यावर देशोदेशी एकमत नाही. ब्रिटनमध्ये ५० ते ७१ या वयात दर तीन वर्षांनी बोलावतात. अमेरिकेच्या कृती दलाने, म्हणजे तपासण्यांविषयी शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने, २०२४ साली वय खाली आणून ४० ते ७४, दर दोन वर्षांनी असे सांगितले. चाळिशीच्या आत, जोखीम वाढलेली नसताना, सरसकट मॅमोग्राफी करा असे या दोघांपैकी कोणीही म्हणत नाही. आपल्या फ्लेक्सवर मात्र ‘वय ३० वर्षांपुढील सर्व महिला’ असे लिहिलेले असते. तिशीतल्या स्तनात ग्रंथींचा भाग दाट असतो. फोटोत तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. दाट धुक्यात पांढरी गाय शोधण्यासारखे ते काम आहे. तिशी हे वय सरकारी कार्यक्रमातून उचललेले दिसते. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी स्तन तपासणी सांगितली आहे खरी, पण ती प्रशिक्षित हाताने करायची तपासणी. मॅमोग्राफी त्यात पुढच्या पायरीवर येते.

‘आपल्याकडे हा कॅन्सर दहा वर्षे आधी होतो, मग लवकर फोटो काढायला नकोत का?’ हा प्रश्न हमखास येतो. आपल्या रुग्णांचे सरासरी वय पाश्चात्त्यांपेक्षा कमी आहे हे बरोबर. त्याचे मोठे कारण असे की आपली लोकसंख्याच तरुण आहे. चाळिशीच्या हजार भारतीय बायका आणि चाळिशीच्या हजार अमेरिकी बायका शेजारी ठेवल्या, तर कॅन्सर अमेरिकी बायकांतच जास्त सापडतो. शहर आणि खेडे यांतही फरक आहे. बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही चालते. तिथला दर मुंबईच्या निम्म्याहूनही कमी आहे. रोग जितका विरळ, तितकी चाळणीत खडे कमी आणि खड्यासारखे दिसणारे दाणे जास्त.

हे आकड्यांत मांडू. हिशेबापुरते धरून चालू की पन्नाशीच्या १,००० बायकांचे फोटो काढले आणि त्यांत चौघींना कॅन्सर आहे. चांगले यंत्र आणि चांगला वाचक यांतल्या तिघींना पकडेल, एक निसटेल. सोबत कॅन्सर नसलेल्या ७०-८० जणींच्या फोटोतही काहीतरी शंकास्पद दिसेल आणि त्यांना परत बोलवावे लागेल. ज्यादा फोटो आणि सोनोग्राफी झाली की त्यांतल्या बहुतेक सुटतील. दहा-पंधरा जणींना सुई लागेल. म्हणजे त्या तिघींना गाठायचे तर ८० जणींना शोधून, समजावून, परत आणावे लागते. शिबिराच्या खर्चात या ८० जणींची तरतूद कुठे असते? फोन नंबर म्हणून बहुधा नवऱ्याचा किंवा मुलाचा लिहिलेला असतो. दोन आठवड्यांनी फोन लागतो तेव्हा बाई ऊसतोडीला गेलेली असते, नाहीतर ‘तिला काही त्रास नाही’ असे परस्पर सांगून फोन ठेवला जातो. आता हेच शिबिर तिशीतल्या बायकांचे घ्या. कॅन्सर एखादा, किंवा एकही नाही, आणि परत बोलवायच्या बायका तेवढ्याच, कदाचित जास्त.

फोटोचा दर्जा हा पुढचा मुद्दा. बाहेरून सगळी यंत्रे सारखीच दिसतात, म्हणून यावर कोणी बोलत नाही.

प्रत्येक स्तनाचे दोन फोटो लागतात: एक वरून खाली, त्याला आम्ही सीसी म्हणतो, आणि एक तिरका, तो एमएलओ. दोन्ही बाजू मिळून चार. वेळ वाचवण्यासाठी एकेकच फोटो काढून भागवले, तर एकावर एक पडलेल्या साध्या ग्रंथीही गाठीसारख्या दिसतात आणि खरी गाठ मागे लपते. तिरक्या फोटोत छातीचा स्नायू बोंडाच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसला पाहिजे, स्तनाखालची घडी उघडी दिसली पाहिजे, बोंड कडेला नीट आले पाहिजे. बोंडापासून मागच्या टोकापर्यंतचे अंतर दोन्ही फोटोंत मोजून पाहतात. फरक १ सेंटिमीटरच्या आत हवा. तो जास्त असेल तर मागचा भाग यंत्रावर आलेलाच नाही. जवळजवळ निम्मे कॅन्सर स्तनाच्या वरच्या-बाहेरच्या भागात, काखेकडे होतात आणि घाईत काढलेल्या फोटोत नेमका तोच भाग कापला जातो. खांदा सैल सोडायला लावणे, काखेतला भाग हाताने पुढे ओढून घेणे, घडी सरळ करणे हे सगळे टेक्निशियनचे कसब. त्यासाठी तिला स्तनाला हात लावावा लागतो, म्हणून बाई टेक्निशियनच हवी. सकाळपासून साठ फोटो-पाळ्या उरकायच्या असतील तर हे कसब राहत नाही. एका बाईला नीट १५ ते २० मिनिटे लागतात. दिवसाला वीस-पंचवीस ही एका यंत्राची प्रामाणिक मर्यादा.

दाबाबद्दल बायकांच्या मनात भीती असते, आणि तो दुखतो हे खरे आहे. पारदर्शक पट्टी साधारण १० ते १५ किलोच्या जोराने स्तन दाबून धरते, काही सेकंदच. दाबल्याने आतले थर पसरतात, जाडी कमी झाल्याने किरण कमी लागतात आणि स्तन हलत नाही. हे न हलणे फार महत्त्वाचे. सुरुवातीचा कॅन्सर पुष्कळदा कॅल्शियमच्या बारीक कणांच्या पुंजक्याने ओळखू येतो. एकेक कण अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. श्वासाबरोबर स्तन जरासा हलला की ते कण पुसले जातात. ‘बाईला दुखले म्हणून हलकेच दाबले’ ही दया नव्हे. त्यापेक्षा पाळीच्या आधीचा आठवडा टाळून पाळी संपल्यावरच्या आठवड्यात बोलवावे, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. पाळी गेलेल्या बाईला कोणताही दिवस चालतो. उपाशीपोटी यायची गरज नाही. किरणांची मात्रा चारही फोटो मिळून सुमारे ०.४ मिलिसिव्हर्ट, निसर्गातून आपल्याला सहा-सात आठवड्यांत एवढी मिळतेच.

आणि पावडर. काखेत टाल्कम पावडर किंवा डिओ लावून आलेल्या बाईच्या फोटोत पांढरे ठिपके उमटतात, हुबेहूब कॅल्शियमच्या कणांसारखे. जस्ताचे मलमही तसेच दिसते. फोटोआधी ओल्या रुमालाने काखा आणि स्तनाखालची घडी पुसून घ्यायला लावणे हा एका मिनिटाचा उपाय आहे. शिबिराच्या आमंत्रणात ‘अंगाला पावडर लावू नये’ ही एक ओळ घातली तरी कितीतरी फेऱ्या वाचतील. साडी-ब्लाउज किंवा सलवार-कुडता असे दोन भागांचे कपडे बरे, एकसंध गाऊन नको. मंगळसूत्र आणि गळ्यातले काढावे लागते. बऱ्याच जणी त्याला तयार नसतात, तेव्हा ते मागे पाठीवर घेऊन चिकटपट्टीने धरता येते. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर आधीच सांगावे. अंगावर पाजणाऱ्या आईने फोटोआधी बाळाला पाजून यावे.

काही ठिकाणी अजून कॅसेटवर फोटो काढतात. त्या प्लेटवर धुळीचा कण बसला तर तोही कॅल्शियम म्हणून मिरवतो. म्हणून प्लेटा रोज पुसायच्या आणि छातीच्या एक्स-रेच्या प्लेटांत मिसळू द्यायच्या नाहीत. मॅमोग्राफीचे यंत्र घेऊन फिरणाऱ्या गाडीचे दुखणे वेगळे. बऱ्याच यंत्रांतला डिटेक्टर, म्हणजे किरण टिपणारा भाग, सेलेनियमचा असतो, त्याला उष्णता सोसत नाही. विदर्भात मे महिन्यात ४४-४५ अंशांत गाडी उन्हात उभी करून एसी बंद केला, तर बाई आत येण्याआधीच यंत्राची वाट लागलेली असते. रात्री गाडी उभी असतानाही वीज हवी. खड्ड्यांतून चाळीस किलोमीटर आल्यावर पहिल्या बाईआधी फॅन्टमचा, म्हणजे मेणा-प्लास्टिकच्या नमुना ठोकळ्याचा, फोटो काढून त्यात ठरलेले तंतू, ठिपके आणि गाठी दिसतात का हे तपासायलाच हवे. याची वही गाडीत असते. पाहुण्यांनी फीत कापल्यावर ती वही मागून पाहावी, अशी आमची सूचना आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आणि दर दोन वर्षांनी होणारी दर्जा-तपासणी यांचे कागदही मागावेत. ते मागितल्याने कोणाचा अपमान होत नाही.

अहवालाकडे वळू. मॅमोग्राफीचे फोटो वाचायला ५ मेगापिक्सेलचा खास पडदा लागतो. लॅपटॉपवर किंवा व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून दिलेले मत हे मत नव्हे. युरोपात बहुतेक ठिकाणी चाळणीचा प्रत्येक फोटो दोन वाचक स्वतंत्रपणे वाचतात आणि ब्रिटनमध्ये अशा वाचकाने वर्षाला किमान ५,००० जणींचे फोटो वाचलेले असावे लागतात. आपल्याकडे वाचकच मोजके, म्हणून गाडीतून फोटो दूरच्या शहरात पाठवतात. त्यात गैर काही नाही. पण चार फोटो मिळून शंभर एमबीपर्यंत भरतात आणि तालुक्याच्या नेटवर ते अडकले की कोणीतरी ते ‘लहान करून’ पाठवतो. लहान करताना सर्वांत आधी जातात ते बारीक कण.

अहवालात शेवटी बायरॅड्स आकडा, म्हणजे कॅन्सरची शंका किती ते सांगणारा ठरलेला आकडा, असलाच पाहिजे. ० म्हणजे तपासणी अपुरी आहे, ज्यादा फोटो, सोनोग्राफी किंवा जुने फोटो हवेत. शून्य म्हणजे ‘काही नाही’ असे समजून कागद कपाटात ठेवला जातो, हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. १ म्हणजे नॉर्मल, २ म्हणजे निरुपद्रवी काहीतरी आहे. ३ म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांहून कमी, पण सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. शिबिरवाले सहा महिन्यांनी कुठे असतात, हा प्रश्न इथे येतो. ४ म्हणजे तुकडा तपासायलाच हवा; त्याचे ए, बी, सी असे तीन भाग आहेत आणि शक्यता २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत पसरलेली आहे, त्यामुळे ४ आला म्हणून रडायलाही नको आणि थांबायलाही नको. ५ म्हणजे जवळपास खात्री. ६ हा आकडा आधीच निदान झालेल्यांसाठी.

याशिवाय स्तन किती दाट आहे ते ए ते डी या अक्षरांत लिहिलेले असावे. सी आणि डी असेल तर मॅमोग्राफीत कॅन्सर लपण्याची शक्यता वाढते आणि सोनोग्राफीची जोड द्यावी का हे रेडिओलॉजिस्टशी बोलून ठरवावे. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून ही माहिती प्रत्येक बाईला लेखी कळवणे बंधनकारक झाले आहे. आपल्याकडे ‘नो सिग्निफिकंट अॅब्नॉर्मॅलिटी’ अशी एक ओळ आणि खाली सही, यावर बोळवण होते. बाईने अहवालासोबत फोटोंची सीडी किंवा लिंक मागून घ्यावी. कागदावरची प्रिंट पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी पडत नाही. दोन वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवून वाचला की निम्म्या शंका तिथेच मिटतात. म्हणून जुनी सीडी रेशनकार्डाइतकी जपावी.

परत बोलावलेल्या बाईची पुढची पायरी सोनोग्राफी, आणि इथे आपल्याकडे एक खास अडचण आहे. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार सोनोग्राफीचे यंत्र ज्या जागी नोंदवले तिथेच वापरायचे असते. ते गाडीत घालून गावोगाव नेण्यावर कडक बंधने आहेत. कायदा योग्य कारणासाठी आहे, आमची त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचा अर्थ असा की मॅमोग्राफीची गाडी गावात जाते आणि तिची जोडीदारीण शहरात राहते. म्हणून शिबिराच्या आधीच जवळच्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात परत बोलावलेल्यांसाठी ठरावीक वार आणि वेळ राखून ठेवायला हवी. गाडी निघून गेल्यावर ते ठरवू म्हणणाऱ्यांना ते जमत नाही.

त्यानंतर सुई. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हा समज गावात आहे, शहरात आहे आणि सांगायला संकोच वाटतो, पण काही डॉक्टरांतही आहे. तुकडा घेतल्याने बाईचे आयुष्य घटत नाही. तुकडा न घेता घाईने गाठ काढून टाकल्याने मात्र नुकसान होते: छेद चुकीच्या दिशेने जातो, कडा मोकळ्या आहेत का ते कळत नाही, दुसरी शस्त्रक्रिया लागते आणि स्तन वाचवण्याची संधी हातची जाते. काढलेली गाठ तपासणीला न पाठवता टाकून देणे हा तर अक्षम्य प्रकार. बारीक सुईने पेशी ओढण्यापेक्षा १४ गेजच्या जाड सुईने अखंड तुकडा काढणारी ट्रूकट बायोप्सी बरी, कारण ईआर, पीआर (कॅन्सर संप्रेरकांवर वाढतो का) आणि हर-टू (त्या नावाचे प्रथिन जास्त आहे का) या चाचण्यांना तसा तुकडा लागतो आणि उपचार त्यावर ठरतात. तुकडे तासाभराच्या आत १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये पडले पाहिजेत, फॉर्मॅलिन तुकड्यांच्या दहापट हवे, आणि त्यात ते किमान ६ व जास्तीत जास्त ७२ तास राहावेत. सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये टाकून शनिवारी बसने पाठवलेला आणि सोमवारी उघडलेला तुकडा काहीही सांगत नाही, किंवा चुकीचे सांगतो. ईआर निगेटिव्ह असा खोटा निकाल आला तर बाई पाच-दहा वर्षांच्या स्वस्त आणि गुणकारी गोळीला मुकते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरचे उपचार बसतात, पण त्या मंजुरीला बायोप्सीचा अहवाल लागतो. म्हणजे फोटो, सोनोग्राफी, सुई इथपर्यंतचा खर्च आणि धावपळ बहुधा बाईच्या अंगावर. लोक गळतात ते नेमके याच टप्प्यावर. शिबिराला देणगी देणाऱ्यांनी गुलाबी टोप्यांऐवजी दहा बायोप्स्यांचे आणि एसटी भाड्याचे पैसे बाजूला ठेवले, तर तेवढ्याच रकमेत खरे काम होईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुरू केलेल्या स्तन-कॅन्सर उपक्रमाच्या उद्दिष्टांत एक हेच आहे: लक्षण घेऊन बाई आल्यापासून ६० दिवसांत निदान पुरे व्हावे.

शिबिरांत अलीकडे दाबाविना, किरणांविना, ‘न दुखणारी’ उष्णतेची तपासणीही दिसते. थर्मल कॅमेऱ्याने रंगीत चित्र निघते, छान दिसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली स्पष्ट बजावले आहे की थर्मोग्राफी मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाही. अशी तपासणी नॉर्मल आली म्हणून गाठ असलेल्या बाईने निर्धास्त राहू नये, आणि ती करून ‘मॅमोग्राफी झाली’ असे तर मुळीच समजू नये.

मग यंत्रे वाढवायची का? वाढवावीत. पण हिशेब करून. दोन लाख वस्तीचा तालुका धरला तर ५० ते ६९ वयाच्या बायका साधारण १५,००० होतील. दर दोन वर्षांनी बोलवायचे तर वर्षाला ७,५००. दिवसाला २५ प्रमाणे ३०० दिवस म्हणजे एक यंत्र वर्षभर, सुट्टी सोडून रोज, फक्त एवढेच करत राहील. राज्यात ३५८ तालुके आहेत आणि पुष्कळ तालुके दोन लाखांहून मोठे आहेत. यंत्रे एकवेळ मिळतील. ती चालवणाऱ्या बायका आणि फोटो वाचणारे डोळे पाच-दहा वर्षे शिकवल्याशिवाय मिळत नाहीत.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे त्याची परीक्षा मुंबईतच झाली आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. अर्ध्या जणींची प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, चार फेऱ्या. उरलेल्यांना एकदा माहिती दिली. दोन्ही गटांवर वीस वर्षे लक्ष ठेवले. २०२१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले कॅन्सर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते, तपासलेल्या गटात ३७ टक्के, आणि तपासलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयांचे मिळून घट १५ टक्के होती, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम उतरली नाही. पन्नाशीच्या आत फायदा दिसला नाही. हाताने केलेल्या तपासणीने एवढे साधते, तर आपण ती का करत नाही? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तन तपासणी झालेल्या ०.९ टक्के निघाल्या. शंभरात एकही नाही.

ही तपासणी म्हणजे ब्लाउजवरून हात फिरवणे नव्हे, हेही सांगायला हवे. आडोसा, बसवून आणि झोपवून पाहणे, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, वरवर, मध्यम आणि खोल अशा तीन दाबांनी, गळपट्टीच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि छातीच्या मध्यापासून काखेपर्यंत उभ्या पट्ट्यांत. मग काख आणि गळपट्टीच्या हाडावरची खोबण. एका स्तनाला तीन मिनिटे. उपकेंद्रात पडदा नसेल आणि बाहेर रांग असेल तर तीन मिनिटांची तीस सेकंदे होतात. आशाताई सीबॅक फॉर्म (आजारांच्या जोखमीची प्रश्नावली) भरून घेतात, गाठ आहे का हा रकाना भरला जातो, पुढे हात लागत नाही. सेविकेला शिकवायला, पडदा लावायला आणि तिने पाठवलेल्या बाईला जिल्हा रुग्णालयात थेट मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि बायोप्सी एकाच दिवशी मिळायला यंत्राच्या किमतीच्या मानाने फार थोडे लागते. असलेली मॅमोग्राफी यंत्रे आधी या बायकांसाठी वापरावीत. त्यानंतर पन्नाशीपुढच्या बायकांना नावानिशी बोलवावे. आणि ज्यांच्या आईला, बहिणीला किंवा मुलीला हा कॅन्सर झाला आहे, त्यांनी शिबिराची वाट न पाहता स्वतंत्र सल्ला घ्यावा. बीआरसीए या जनुकांत दोष असलेल्यांना तर पंचविशी-तिशीपासून एमआरआयही लागतो. त्यांचे गणितच वेगळे.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. या ऑक्टोबरात शिबिराची बातमी आली की संयोजकांना मागच्या वर्षीचे चार आकडे विचारावेत: किती जणींना परत बोलावले, त्यातल्या किती आल्या, किती बायोप्स्या झाल्या आणि फोटोपासून उपचारापर्यंत किती दिवस गेले. आकडे मिळाले तर ते छापावेत. मिळाले नाहीत तर तसेही छापावे.

आपले,
मॅमोग्राफी विभागात काम करणारे काही रेडिओलॉजिस्ट व टेक्निशियन